खालून दुसरा कप्पा

नळी दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा दिव्यासमोर धरली.
यंत्र म्हणत होतं, प्लेटलेट्स चौदा हजार.
मी म्हटलं, नमुनाच बिघडला असेल,
रक्त काढणाऱ्यानं हयगय केली असेल.
आम्ही प्रयोगशाळेतली माणसं
आधी दुसऱ्याच्या हातावर संशय घेतो.

नवा नमुना आला. तेरा हजार.

ओशिल्ड, वय एकेचाळीस, ट्रॉम्सोच्या शाळेत गणित शिकवायची.
दहा दिवसांपूर्वी दंडात लस,
तीन दिवसांपासून कपाळात कुणी खिळा ठोकतंय
असं ती म्हणाल्याची नोंद.
मेंदूच्या शिरेत गाठ.
गोठायला लागतं ते सामानच ज्या रक्तात उरलं नव्हतं
तेच रक्त गोठत चाललं होतं.

आणि त्याच रॅकमध्ये, दोन खाचा सोडून, ऑडवार.
ट्रॉलरवरचा आचारी, सदुसष्ट.
लशीसाठी त्याचा नंबर लागायला दोन आठवडे होते,
कोविडनं आधीच लावला.
पोटरीत गाठ, तीच सुटून फुप्फुसात,
डी-डायमर यंत्राच्या मापाबाहेर.

पहाटे तीनला ओस्लोहून फोन:
म्हाताऱ्याचं हेपॅरिन चालू राहू दे.
बाईंचं थांबवा. आत्ता. लगेच.
मी ते दोनदा वदवून घेतलं
आणि तरी हातावर पेनानं लिहिलं,
कोणाला काय नाही ते.

बाहेर बर्फ ओढणारी गाडी मागे-पुढे करत होती.
बाकावर तिचा नवरा, स्टाइनार,
जाळी दुरुस्त करणारा,
रिकाम्या हातांनीही बोटं चालवत बसलेला.
म्हणाला, निरगाठ ओढली की आवळते,
सुरगाठ ओढली की सुटते.
ही कुठली?

मला ठाऊक नव्हतं.
मी म्हटलं, दोरा तोच आहे.
रक्ताला गाठ मारता आली नसती
तर सुरीच्या पहिल्या चिरेलाच तू संपला असतास.
त्यानं अंगठ्यावरचा जुना व्रण पाहिला.
हे त्या वेळी बोलायला नको होतं.

ती चौथ्या दिवशी गेली.
ऑडवार ईस्टरला घरी गेला, गोळ्यांची पिशवी घेऊन,
लिफ्टला नकार देत.

आकडे मग आले, सावकाश, आकडे येतात तसे.
लशीनं: हजारोंत एखादी.
आजारानं: कितीतरी पट जास्त.
मी दोन्ही तपासले, दोन्ही खरे आहेत.
पण स्टाइनारच्या घरी छेदस्थानी एकच होती.

दुकानात रांगेत एक जण म्हणाला, लस म्हणजे विष.
दुसरा म्हणाला, छे, निव्वळ योगायोग.
मी पाव घेतला, दूध विसरले.
दोघांनाही ती माझी नळी नको होती,
दोघांना फक्त ती कुणाच्या बाजूची आहे ते हवं होतं.

आईचा फोन आला. एक्याऐंशीची आहे.
घेऊ का गं?
घे. तुला देणार ती वेगळी आहे.
तुला भीती नाही वाटत?
वाटते. घे.
फोन ठेवल्यावर मी स्वतःची पोटरी दाबून पाहिली,
डावी, मग उजवी, मग पुन्हा डावी.

मे महिन्यात स्टाइनार आला. अंगाला डांबराचा वास.
तिचं रक्त परत मिळतं का, त्यानं विचारलं.
मिळत नाही. तसा नियम नाही.
उणे ऐंशीला ठेवलंय, मी म्हटलं,
आता गोठलंय ते आम्ही गोठवलंय म्हणून,
पुढे कुणाच्या तरी उपयोगाला.

तो बराच वेळ फ्रीजरच्या दाराकडे बघत राहिला.
कुठल्या कप्प्यात?

सांगायची परवानगी नव्हती.
खालून दुसरा, मी म्हटलं.